प्रवाही रक्त आणि स्थिर शब्द : बिंबाणूंच्या गुठळीविषयीच्या मराठी आरोग्यलेखनाची समीक्षा

प्रस्तावना

पावसाळ्याच्या उत्तरार्धात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की यवतमाळ जिल्ह्यातील घराघरांत एक प्रश्न ऐकू येऊ लागतो : 'प्लेटलेट किती?' रुग्ण लघवीला किती वेळा गेला, पोटात दुखते काय, हातपाय थंड पडले आहेत काय, हे प्रश्न मागे पडतात आणि एक आकडा पुढे येतो. हा आकडा लाखाखाली गेला की नातेवाईक रक्तपेढीच्या वाटेला लागतात. पपईच्या पानांच्या रसाची शोधाशोधही त्याच आकड्यापायी होते. बिंबाणू ही मोजण्याची वस्तू आहे, अशी समजूत समाजात दृढ झाली आहे. ती दृढ करण्यात वैद्यकीय व्यवसायाइतकाच मराठी आरोग्यलेखनाचा, पाठ्यपुस्तकांचा आणि व्याख्यानांचा वाटा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बिंबाणू केव्हा एकमेकांना चिकटतात याचे उत्तर त्यांच्या संख्येत फार थोडे आणि रक्ताच्या वाहण्यात पुष्कळ आहे. मागील सुमारे पन्नास वर्षांच्या संशोधनाने हे पुरेसे स्पष्ट केले आहे. तथापि मराठीत आजही रक्ताचे वर्णन भांड्यात ठेवलेल्या द्रवासारखे केले जाते. ते 'घट्ट' होते, 'पातळ' होते, 'गोठते'. ते वाहते, हे गृहीत धरून सोडून दिले जाते. या उणिवेची चिकित्सा करणे आणि तिचे व्यावहारिक परिणाम दाखवणे हा येथील हेतू होय.

शब्दांची तपासणी

आरंभी संज्ञांचा विचार करणे युक्त ठरेल. मराठी विश्वकोशाने 'बिंबाणू' हा शब्द स्वीकारला. शालेय पुस्तकांतून 'रक्तपट्टिका' रुळला. वृत्तपत्रांनी 'प्लेटलेट' कायम ठेवला. यांपैकी 'बिंबाणू' हा सर्वांत नेमका म्हणावा लागेल, कारण तो आकार सांगतो : दोन ते तीन मायक्रोमीटर व्यासाची, केंद्रक नसलेली, सात ते दहा दिवस जगणारी लहानशी तबकडी. 'पट्टिका' या शब्दाने मात्र जखमेवर लावायच्या पट्टीचे चित्र उभे राहते आणि विद्यार्थ्याला वाटते की ही पट्टी जखमेवर आपोआप जाऊन बसते. वाहत्या रक्तात ती तेथे थांबते कशी, हा प्रश्नच मग त्याला पडत नाही.

अधिक गंभीर अडचण 'गोठणे' या क्रियापदाची आहे. पाणी गोठते, तूप गोठते आणि रक्तही गोठते. या एकाच क्रियापदात दोन भिन्न घटना कोंबल्या गेल्या आहेत. पहिली, बिंबाणू एकमेकांना चिकटून त्यांचा पुंज होणे. दुसरी, रक्तद्रवातील फायब्रिनोजेनापासून फायब्रिनाचे तंतू तयार होऊन जाळे होणे, ज्याला विश्वकोशीय परिभाषेत रक्तक्लथन म्हणतात. शरीरात या दोन्ही घटना एकमेकींत गुंतलेल्या असतात हे खरे. परंतु कोणती कोठे प्रबळ होते हे प्रवाहावर ठरते. पायाच्या शिरेत रक्त मंद वाहते. तेथील गुठळी प्रामुख्याने फायब्रिन आणि तांबड्या पेशींची, म्हणून लाल असते. हृदयाच्या अरुंद झालेल्या रोहिणीत रक्त वेगाने घुसते. तेथील गुठळीचा आरंभ बिंबाणूंच्या पुंजाने होतो आणि ती फिकट, पांढुरकी दिसते. दोहोंवरील औषधेही वेगळी. मराठीत मात्र दोन्हींसाठी एकच वाक्य आहे : 'रक्त गोठले.'

तिसरा शब्द 'पातळ'. अ‍ॅस्पिरिनला 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणण्याचा प्रघात इतका सार्वत्रिक आहे की त्यावर आक्षेप घेणे पांडित्यप्रदर्शन वाटावे. परंतु अ‍ॅस्पिरिनने रक्ताची श्यानता कमी होत नाही. ते बिंबाणूंतील सायक्लोऑक्सिजनेज या विकराला कायमचे निकामी करते आणि त्या बिंबाणूच्या उर्वरित आयुष्यात थ्रॉम्बॉक्सेन तयार होऊ देत नाही. रक्त जितके दाट होते तितकेच राहते. 'पातळ' या शब्दाने रुग्णाच्या मनात जे तर्कशास्त्र निर्माण होते ते वरणाच्या फोडणीचे आहे : पातळ झाले, आता पुरे. हृदयरोहिणीत स्टेंट बसवलेला रुग्ण 'आता रक्त पातळ झाले' म्हणून गोळ्या मध्येच थांबवतो, त्यामागे हे तर्कशास्त्र असू शकते. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत अशा गोळ्या अकाली थांबवणे हे त्याच जागी पुन्हा गुठळी होण्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. शब्दाची चूक येथे केवळ शब्दाची राहत नाही.

नळी, थर आणि घसट

रक्तवाहिनीत रक्त सर्वत्र सारख्या वेगाने वाहत नाही. मध्यभागी वेग सर्वाधिक, भिंतीलगत जवळजवळ शून्य. मधल्या सर्व थरांचे वेग भिन्न असल्याने प्रत्येक थर शेजारच्या थरावरून घसटत पुढे जातो. वेगातील या उताराला कर्तन-दर आणि त्यातून निर्माण होणाऱ्या बलाला कर्तन-प्रतिबल म्हणतात. भौतिकशास्त्राच्या परिभाषेतील 'कर्तन' हा शब्द संस्कृतनिष्ठ आणि निर्दोष असला तरी तो वाचकाच्या डोळ्यांपुढे कात्री आणतो. प्रत्यक्षात येथे काही कापले जात नाही. पत्त्यांच्या जोडावर तळहात ठेवून तो पुढे सरकवला की पत्ते जसे एकमेकांवरून घसरतात, तसा हा प्रकार आहे. 'घसटबल' असा शब्द योजला असता तर विद्यार्थ्याचे अधिक भले झाले असते, असे वाटते. तूर्त रूढ संज्ञाच येथे वापरली आहे.

शिरांमध्ये कर्तन-दर सामान्यतः 20 ते 200 प्रतिसेकंद असतो. मोठ्या रोहिण्यांत तो 300 ते 800 च्या घरात जातो, सूक्ष्म रोहिण्यांत 1600 च्या आसपास पोहोचतो आणि मेदाच्या थरांनी अरुंद झालेल्या रोहिणीत 10,000 च्याही पुढे जाऊ शकतो. याचे गणित साधे आहे. वाहणाऱ्या रक्ताचे प्रमाण तेवढेच राहिले आणि नळीचा व्यास निम्मा झाला, तर सरासरी वेग चौपट होतो. भिंतीलगतचा कर्तन-दर मात्र आठपट होतो, कारण तो त्रिज्येच्या घनाशी व्यस्त प्रमाणात असतो. हा आठपटीचा मुद्दा कोणत्याही महाविद्यालयीन भौतिकशास्त्राच्या वर्गात फळ्यावर दोन ओळींत सिद्ध करता येतो. तरीही प्राणिशास्त्राच्या वर्गात तो पोहोचत नाही. विषयांच्या भिंती आपल्याकडे रक्तवाहिन्यांच्या भिंतींपेक्षा जाड आहेत.

येथे एक विरोधाभास दिसतो. रूडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखले जाणारे त्रिक, म्हणजे प्रवाहातील बिघाड, भिंतीची इजा आणि रक्ताच्या घटकांतील बदल, मराठीत येताना त्यातील पहिल्या घटकाचे 'प्रवाह मंदावणे' असे संकुचित रूप झाले. संथ पाण्यावर शेवाळ धरते, हे आपल्या अनुभवाशी जुळते, म्हणून ते सहज स्वीकारले गेले. शिरांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. परंतु रोहिणीत बिंबाणूंचे पुंज जेथे प्रवाह सर्वांत तीव्र तेथेच धरू लागतात. पुराच्या पाण्यात गाळ बसावा, असे हे विधान आहे. ते समजण्यासाठी रक्तातील एका विलक्षण प्रथिनाकडे वळावे लागते.

पेळू आणि सूत

1926 साली फिनलंडचे वैद्य एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी ऑलंड बेटांवरील एका कुटुंबातील रक्तस्रावाच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या कुटुंबातील योर्डिस नावाची मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीतील रक्तस्रावाने दगावली. तिच्या बिंबाणूंची संख्या कमी नव्हती. आकडा ठीक, तरी रक्त थांबेना, हे कोडे तेथपासूनचे आहे. ज्या प्रथिनाच्या अभावाने हे घडले त्याला आज व्हॉन विलेब्रँड घटक म्हणतात.

हे प्रथिन म्हणजे एकाला एक जोडलेल्या घटकांची अतिशय लांब साखळी. मंद प्रवाहात ती गुंडाळलेल्या अवस्थेत असते आणि बिंबाणूंना पकडण्याची तिची स्थाने आत दडलेली असतात. कर्तन-दर पुरेसा वाढला की प्रवाहच तिला ताणून उलगडतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सुमारे 5000 प्रतिसेकंद या कर्तन-दराच्या आसपास ही उलगड एकाएकी होताना दिसली. कापसाच्या या जिल्ह्यात उपमा शोधण्यास दूर जावे लागत नाही. पेळू हातात सैल धरला तर तो कापसाचा गोळा असतो. ओढ बसली की त्यातून सूत निघते. उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे : सुताचा पुन्हा पेळू होत नाही, हे प्रथिन मात्र ओढ थांबताच पुन्हा गुंडाळले जाते.

उलगडलेल्या साखळीला बिंबाणू प्रथम हलकेच धरतात. 1996 साली सॅव्हेज, साल्दिव्हार आणि रुग्गेरी यांनी दाखविले की या प्रथिनाच्या पृष्ठावर बिंबाणू एकदम थांबत नाहीत; ते पकडत, सुटत, सावकाश पुढे सरकत राहतात आणि नंतर दुसऱ्या ग्राहींच्या साहाय्याने पक्के चिकटतात. 2009 साली ऑस्ट्रेलियातील एका गटाने आणखी एक बाब पुढे आणली : पुंज वाढतो तो अरुंद जागेच्या किंचित पुढे, जेथे प्रवाह एकाएकी मंदावतो. म्हणजे आधी वेग आणि लगेच मंदी असा उतार असावा लागतो. पुलाच्या खांबाच्या खालच्या अंगाला वाळू साचते, तशातला हा प्रकार. मात्र वाळूला आधी कोणी ताणून चिकट करावे लागत नाही, बिंबाणूंना लागते.

याच बलाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. ताणल्या गेलेल्या साखळीवर एक विकर कात्री चालवतो (येथे कर्तन हा शब्द खरोखर शोभतो) आणि तिचे तुकडे करून अतिरेक टाळतो. हा विकर नसल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांत जागोजागी बिंबाणूंचे पुंज होऊन रुग्ण दगावू शकतो. उलट महारोहिणीची झडप अरुंद झाली असता तेथील तीव्र प्रवाहात या साखळ्या सतत ताणल्या जाऊन इतक्या तुटतात की वृद्ध रुग्णाच्या आतड्यातून रक्तस्राव होऊ लागतो. एडवर्ड हाइड यांनी 1958 मध्ये या साहचर्याकडे लक्ष वेधले होते. झडप बदलली की रक्तस्राव थांबतो, याचे स्पष्टीकरण पुढे या प्रथिनाच्या तुटीतून मिळाले. एकच बल कोठे गुठळी करते आणि कोठे रक्त वाहवते. निरोगी अंतःस्तराला तर नियमित घसट हवीच असते. तिच्यामुळेच तो नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन स्रवतो आणि बिंबाणूंना शांत ठेवतो.

प्रयोगशाळेतील परीक्षानळी

मराठी लेखनाला सर्व दोष देणे अन्यायाचे होईल. खुद्द विज्ञानानेही बराच काळ प्रवाहाकडे पाठ फिरवली होती. इटलीचे जूलिओ बिझ्झोझेरो यांनी 1882 मध्ये बिंबाणूंचे कार्य ओळखले ते जिवंत प्राण्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत, वाहत्या रक्तात. त्यानंतर रक्त परीक्षानळीत उतरले. 1962 साली गुस्ताव बॉर्न यांनी बिंबाणू-पुंजन मोजण्याची प्रकाशीय पद्धत दिली. नळीत बिंबाणूयुक्त रक्तद्रव ढवळत ठेवायचा, त्यात एडीपीसारखे द्रव्य टाकायचे आणि किती प्रकाश पार जातो ते पाहायचे. ही पद्धत सोपी आणि फलदायी ठरली. आजच्या कित्येक औषधांची वाट तिनेच मोकळी केली. परंतु तिच्यात तांबड्या पेशी नाहीत, रक्तवाहिनीची भिंत नाही आणि ढवळणीतून निर्माण होणारे कर्तन रोहिणीतील कर्तनाशी जुळत नाही. बाऊमगार्टनर यांनी पुढे सशाची महारोहिणी उलटी करून तिच्यावरून रक्त वाहवण्याचे यंत्र केले आणि 1979 साली साकारियासेन, बोल्हाउस व सिक्स्मा यांनी अशाच मार्गाने भिंतीवरील व्हॉन विलेब्रँड घटकाची भूमिका सिद्ध केली. तेव्हा कोठे प्रवाह पुन्हा विज्ञानात परतला.

यातून निघालेला एक निष्कर्ष विशेष उद्धृत करण्याजोगा आहे. मोक आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दाखविले की केवळ तीव्र कर्तनाने होणारे पुंजन अ‍ॅस्पिरिनने रोखले जात नाही. त्यासाठी एडीपी लागते. स्टेंटच्या रुग्णास अ‍ॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेलसारखे, एडीपीचा ग्राही अडवणारे औषध का द्यावे लागते, हे या प्रकाशात अधिक नीट कळते. 'एक रक्त पातळ करणारी गोळी असताना दुसरी कशाला?' हा रुग्णाचा प्रश्न रास्त आहे. 'पातळ' या शब्दाच्या चौकटीत त्याला उत्तर नाही. जाता जाता हेही नमूद करावे की टिरोफिबान हे बिंबाणूरोधी औषध, महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, परिचित असलेल्या फुरशाच्या विषातील एकिस्टॅटिन या प्रथिनाच्या अभ्यासातून घडले.

जिल्ह्याच्या संदर्भात

आता पुन्हा डेंग्यूकडे. सिंगापूर व मलेशियात झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, बिंबाणू 20,000 वा त्याखाली गेलेल्या पण रक्तस्राव नसलेल्या 372 प्रौढ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटास प्रतिबंधक म्हणून बिंबाणू दिले, दुसऱ्यास दिले नाहीत. रक्तस्रावाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. बिंबाणू दिलेल्यांत दुष्परिणाम मात्र अधिक आढळले. डेंग्यूत जिवाला धोका होतो तो मुख्यतः केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपल्याने. त्याची चाहूल देणारा आकडा बिंबाणूंचा नसून तांबड्या पेशींच्या आकारमानाचा, म्हणजे हिमॅटोक्रिटचा आहे. तो त्याच अहवालाच्या कागदावर छापलेला असतो. त्याला सोपे मराठी नाव नाही, म्हणून तो कोणी विचारत नाही.

दुसरी एक बाब प्रयोगशाळेतील आहे. रक्ताचा नमुना ज्या नळीत घेतात तिच्यातील ईडीटीए या द्रव्यामुळे काही थोड्या व्यक्तींचे बिंबाणू नळीतच एकमेकांना चिकटतात. यंत्र त्या पुंजास एकेक बिंबाणू म्हणून मोजत नाही आणि आकडा भयावह कमी येतो. शरीरात मात्र सर्व ठीक असते. काचपट्टीवर रक्ताचा थर देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, अथवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना घेतला, की उलगडा होतो. काचपट्टी पाहण्याची सवय तालुक्याच्या ठिकाणी टिकवून ठेवणे म्हणूनच यंत्र घेण्याइतके महत्त्वाचे मानले पाहिजे.

तिसरी बाब रक्तक्षयाची, आणि ती सर्वांत दुर्लक्षित आहे. तांबड्या पेशी प्रवाहाच्या मध्यभागी दाटी करतात आणि हलक्या, लहान बिंबाणूंना भिंतीकडे लोटतात. म्हणून भिंतीलगत बिंबाणूंचे प्रमाण सरासरीच्या कितीतरी पट असते. तांबड्या पेशी कमी झाल्या की हे लोटणे दुबळे होते. हेलेम आणि सहकाऱ्यांनी 1961 मध्येच हिमॅटोक्रिट आणि रक्तस्रावकाल यांचा संबंध दाखविला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. बाळंतपणात अशा स्त्रीचे बिंबाणू दोन लाख असले तरी ते भिंतीपर्यंत पुरेसे पोहोचतीलच असे नाही. लोहाच्या गोळ्यांविषयीच्या पत्रकांत 'रक्त वाढते, शक्ती येते' असे लिहिलेले असते. 'रक्तस्राव थांबण्यास मदत होते' हे वाक्य त्यांत घालण्यास काहीही खर्च येत नाही.

शेवटी सिकलसेल. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला तेव्हापासून विदर्भ या आजाराच्या नकाशावर आहे. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या आदिवासीबहुल तालुक्यांत हा विषय पुस्तकी नाही. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. मोहिमेच्या प्रचारात विळ्याच्या आकाराची पेशी सर्वत्र दिसते आणि 'या पेशी अडकतात' असे सांगितले जाते. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले मोकळे हीमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते आणि व्हॉन विलेब्रँड साखळी तोडणाऱ्या विकरालाही अडथळा करते. परिणामी भिंत आणि बिंबाणू दोन्ही अधिक चिकट होतात.

या आजारात प्रवाहाचा विचार किती थेट उपयोगी पडतो, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. सिकलसेलग्रस्त बालकांच्या मेंदूतील रोहिण्यांमधला रक्ताचा वेग कवटीवरून ध्वनितरंगांनी मोजतात. तो सेकंदाला 200 सेंटिमीटर वा अधिक असल्यास पक्षाघाताचा धोका मोठा. अशा बालकांना नियमित रक्त देण्याने तो धोका सुमारे 92 टक्क्यांनी घटल्याचे 1998 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. येथे कोणी बिंबाणू मोजले नाहीत. वेग मोजला. झरी-जामणीच्या आश्रमशाळेतील सिकलसेलग्रस्त मुलाच्या हाती जे ओळखपत्र असते त्यावर तपासणीचा निकाल असतो. त्याच्या मेंदूतील रक्ताचा वेग कधी मोजला गेला काय, हा रकाना नसतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा आग्रह धरला जात आहे आणि त्यासाठी विज्ञानाची मराठी पुस्तके तयार होत आहेत. हीच वेळ आहे की 'रक्त गोठणे' या प्रकरणाचे दोन भाग करावेत : बिंबाणूंचे पुंजन वेगळे, क्लथन वेगळे, आणि दोहोंच्या आधी रक्ताच्या वाहण्याविषयी चार पाने असावीत. ती चार पाने प्राणिशास्त्राच्या अध्यापकाने लिहून भौतिकशास्त्राच्या अध्यापकाकडून तपासून घ्यावीत. दोघांचीही टेबले बहुधा एकाच स्टाफरूममध्ये असतात.